कुंपणालगतच्या कबरी

शहरात इस्त्रीचा धंदा करणाऱ्या बायका बऱ्याच होत्या आणि लोक त्यांना त्यांच्या नावाने ओळखत. इस्त्रीवाली म्हणून मात्र एकीलाच हाक मारत, कारण तिने इस्त्रीने माणूस मारला होता.

युद्ध तेव्हा ऐन भरात होतं. शत्रूने नदीवरचा पूल घेतला त्या सकाळी तिचा नवरा पुलावरच पडला. त्याच्या तुकडीचा हवालदार त्याच्याच गल्लीतला, लंगोटीयार. त्याने गोळ्यांच्या माऱ्यात मित्राला खांद्यावर टाकलं आणि माघारी पळत सुटला. वाटेत तोफगोळ्याची कपची लागली आणि त्याचा डावा हात कोपरापासून नुसत्या कातड्यावर लोंबायला लागला. तरी त्याने ओझं खाली ठेवलं नाही. छावणीत पोचल्यावर डॉक्टर म्हणाला, "अरे, हा तर केव्हाच गेलाय. मेलेल्यासाठी हात घालवलास?"

"गेलाय ते ठाऊक आहे," हवालदार म्हणाला. "त्याच्या बायकोला दाखवायला आणलाय." आणि मग तो कोसळला.

लष्कराने दफनभूमी काढली होती ती शहराबाहेर, जुन्या शर्यतीच्या मैदानावर. नवऱ्याला मातीत ठेवतानाही तोफा चालूच होत्या. खड्डा खणणारे शिपाई प्रत्येक स्फोटाला खड्ड्यातच आडवे होत आणि धूळ बसली की पुन्हा उठून फावडी चालवत. एक गोळा आदल्या दिवशीच्या रांगेवर पडला. काल पुरलेली माणसं आज पुन्हा वर आली. कुणाचा खांदा, कुणाचा बूट, बुटात पाय. तिच्या अंगावर माती उडाली आणि मातीबरोबर आणखीही काही उडालं, ते तिने न बघताच झटकलं. रडायला सवड कुणाला होती? नवऱ्याच्या पायाकडचा दोर तिच्या हातात होता. नवरा तळाला टेकेपर्यंत तो तिने सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी शत्रू शहरात शिरला.

ती लष्करी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. शहर कुणाच्याही ताब्यात गेलं तरी रक्ताच्या चादरी धुवाव्याच लागतात, म्हणून ती त्या दिवशीही कामावर गेली, आणि घरात एकटं ठेवायला नको म्हणून नणंदेलाही बरोबर घेऊन गेली. नणंदेला आईबाप नव्हते, होता तो एक भाऊ, तोही गेला. पोरगी अंगाने इतकी बारीक की सगळे तिला ठकी म्हणत. पाण्याच्या हंड्याखालची भट्टी एक म्हातारा सांभाळायचा. तो सगळ्यांचा धोबीमामा.

धुलाईघरात शिरलेला शत्रूचा शिपाई एकटाच होता. धोबीमामा भट्टीपुढून उठून "काय हवंय, दादा?" एवढंच म्हणाला, तर त्याने मामाच्या छातीत गोळी घातली. मग बंदूक भिंतीला टेकवून ठेवली, शेतावरून आलेला माणूस कुदळ ठेवतो तशी. ठकीचे केस मुठीत धरले आणि तिला मळक्या चादरींच्या ढिगाकडे फरफटत नेलं.

कोळशाची मोठी इस्त्री भरून, तापून तयार होती. पुरुषाचंही मनगट दुखवील एवढी जड, ती वहिनीने उचलली. पहिला घाव त्याच्या मानेवर बसला. तो वळला. दुसरा तोंडावर बसला आणि गालाचं कातडं इस्त्रीला चिकटून निघालं. झाकण उघडलं, निखारे त्याच्या छातीवर आणि चादरींवर सांडले. ओरडत ओरडत त्याने तिचं मनगट पकडलं आणि दात रोवले, पार हाडापर्यंत. तिने इस्त्री दुसऱ्या हातात घेतली आणि तिसरा घाव कानाच्या वर घातला. त्या घावाचा आवाज वेगळा होता. ओलं खोकं पायाखाली फुटावं तसा, जाड आणि आतून आलेला. दात सुटले. शिपाई गुडघ्यावर आला. पण ती थांबली नाही, तिला थांबताच येईना. शेवटी ठकीने मागून तिच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "वहिनी, पुरे. त्याला डोकं राहिलं नाही आता."

मग दोघींनी पेटलेल्या चादरींवर पाणी ओतलं आणि शिपायाला त्याच चादरींखाली ढकललं. दोन दिवसांनी आपलं लष्कर परत आलं, तोवर तो तिथेच होता आणि त्या दोघी शेजारीच कपडे धूत होत्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

लष्कराचा नियम होता, मेलेला शत्रूही पुरायचा. दफनभूमीच्या टोकाला, तारेच्या कुंपणालगत, शत्रूच्या शिपायांची एक रांग झाली. डोक्याशी नावाच्या लाकडी पाट्या. धुलाईघरातला तो शेवटून दुसरा.

युद्ध संपलं, पाट्यांच्या जागी दगड आले, गवत कापायला माळी आला आणि दर वर्षी स्मृतिदिन होऊ लागला. हवालदाराचा हात कापला होता, पण आवाज शाबूत होता. मानवंदनेचा हुकूम तोच द्यायचा. पहिलं पुष्पचक्र वाहायचा मान इस्त्रीवालीचा. नगराध्यक्ष भाषणात दर वर्षी सांगायचे, "आणि या माउलीने एका फटक्यात त्या नराधमाचा निकाल लावला!" लोक टाळ्या वाजवत. तिने कधी चूक दुरुस्त केली नाही. लोकांना एकच फटका हवा होता, असू दे बापडा.

बिगूल वाजून झालं की लोकांचा मोर्चा कुंपणाकडे वळायचा. दगड हातात घ्यायचे आणि त्या रांगेवर मारायचे, थुंकायचं, शिव्या द्यायच्या. आधी ज्यांच्या घरातलं कुणी गेलं होतं ते मारत. पुढे ज्यांचं काहीच गेलं नव्हतं तेही मारू लागले. मेलेल्याला मारायला हिंमत लागत नाही. ठकी मात्र सगळ्यांत आधी तिथे असायची. ती आता तिशी ओलांडलेली बाई होती. लग्न तिने केलं नाही. वहिनीच्या इस्त्रीच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या हातातून कपडे घेताना बोटाला बोट लागलं तरी ती दचकायची. वर्षभर गरीब गायीसारखी असलेली ठकी त्या एका दिवशी शेवटून दुसऱ्या कबरीसमोर उभी राहायची आणि दगडामागून दगड घालायची, कुणाकडे न बघता. इस्त्रीवाली लांब नवऱ्याच्या कबरीपाशी थांबून राहायची. तिला कधी कुणी चल म्हटलं नाही. तिने तिच्या वाटचं करून ठेवलंच होतं.

मग एका वर्षी दोन्ही देशांत करार झाला आणि कबरी बघायला येण्याची परवानगी मिळाली. वर्तमानपत्रात कोपऱ्यात बातमी होती, कुणी वाचली, कुणी नाही. स्मृतिदिनाला भाषण झालं, बिगूल वाजलं, आणि लोक कुंपणाकडे वळले तर तिथे आधीच एक माणूस उभा होता. म्हातारा, उंच, पाठीत वाकलेला. अंगात जाड कोट, हातात काठी, खांद्याला पिशवी. टोपी काढून काखेत धरली होती.

हवालदार सगळ्यांच्या पुढे होता. "कोण रे तू?"

"त्या बाजूचा," म्हातारा म्हणाला. सीमेजवळच्या माणसाला येते तेवढी मोडकी भाषा त्याला येत होती. "मुलगा आहे इथे."

"कुठला?"

म्हाताऱ्याने काठीने दाखवला. शेवटून दुसरा.

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "धुलाईघरातला तो!" आणि गर्दीत वणवा लागल्यासारखं झालं.

हवालदाराने म्हाताऱ्याच्या हातातली काठी हिसकली आणि त्याच काठीने त्याच्या तोंडावर हाणलं. चष्मा फुटला. काच डोळ्यात गेली, रक्त गालावरून कोटावर उतरलं. म्हातारा ओरडला नाही, नुसता "आ" असा श्वास निघाला. दुसरी काठी खांद्यावर, तिसरी बरगडीवर. तो खाली बसला. कुणीतरी त्याच्या पाठीत लाथ घातली, दुसऱ्याने कोट धरून खेचला, तिसऱ्याने तेवढ्यात दगड टाकला आणि तो म्हाताऱ्याच्या हातावर बसला. एकच हात असलेल्या माणसाचा तो हात किती जोराचा असतो ते त्या दिवशी कळलं. हवालदाराने काठी डोक्यावरून घेऊन खाली आणली, म्हाताऱ्याच्या कानाच्या वर.

इस्त्रीवाली नवऱ्याच्या कबरीपाशी होती. गर्दीच्या गोंगाटात तिला काही ऐकू आलं नव्हतं, पण तो आवाज आला. जाड आणि आतून आलेला. तिचं मनगट, जिथे दातांचा वण होता ते, आपोआप आखडलं. पुढचं तिने विचार करून केलं नाही. म्हाताऱ्याची दया आली असंही नव्हे. तो आवाज दुसऱ्यांदा ऐकायचा नाही, एवढंच तिला कळत होतं.

माळ्याने फुलांच्या वाफ्यात फावडं रोवून ठेवलं होतं. ते उपटून ती गर्दीत घुसली. हवालदाराने काठी पुन्हा उचलली होती. तिने फावड्याची धार त्याच्या नडगीवर मारली, सगळं अंग घालून. हाड कडकन मोडलं. तो बाजूला कलंडला, पाय भलत्याच ठिकाणी वाकला आणि पाटलोणीतून पांढरं काहीतरी बाहेर आलं. त्याला आधी वेदना कळलीच नाही. त्याने वर बघितलं आणि गोंधळून विचारलं, "वहिनी?"

त्याच वेळी गर्दीतून एक दगड आला आणि तिच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, दोन दात तोंडातच सुटे झाले. तिने ते थुंकले.

"फितूर झाली!" कुणीतरी ओरडलं. "इस्त्रीवाली फितूर झाली!"

"पुढे या," ती म्हणाली. तोंडात रक्त भरल्याने शब्द जड निघत होते. "जो येईल त्याचा पाय मोडीन. मला जमतं ते, तुम्हीच दर वर्षी टाळ्या वाजवता. आणि नीट ऐका आता. तो एका फटक्यात मेला नाही. मला चावला, ओरडला, आईला हाक मारली त्याने. मी तरी मारतच होते. तोंड राहिलं नव्हतं तरी मारत होते. हातात दगड घेऊन उभे आहात ना? तसं करायचंय? करायचं असेल तर या, मी शिकवते."

नगराध्यक्ष लांबूनच "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत होते. कुणी पुढे आलं नाही, कुणी मागेही गेलं नाही. तेवढ्यात ठकी गर्दीतून बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत दगड होते.

"वहिनी, बाजूला हो."

"ठके, हा तो नाही. त्याचा बाप आहे."

"मला दिसतंय. बाजूला हो."

आयुष्यात इस्त्रीवाली कुणापुढे हटली नसेल, पण ठकीपुढे हटली. फावडं तिने हातात ठेवलं. ठकी म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. तो कबरीच्या दगडाला टेकून बसला होता. एक डोळा मिटला होता, मिटला कसला, फुटलाच होता. कानातून रक्त येत होतं.

"त्याने काय केलं ठाऊक आहे?" ठकीने विचारलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुमच्या वर्तमानपत्रात आलं होतं. आमच्याकडे कुणीतरी वाचून दाखवलं. म्हणाले, शत्रू खोटं लिहितो." तो थांबला, तोंडातलं रक्त गिळलं. "मला खोटं वाटलं नाही. घरातही तसाच होता. आईवर हात उचलायचा."

"मग कशाला आलात?"

"त्याच्या आईने मरताना सांगितलं. जाऊन बघून ये म्हणाली. पण इकडे आणू नकोस."

ठकी हातातल्या दगडांकडे बघत राहिली. म्हातारा पुढे म्हणाला, "मारायला मीच शिकवलं त्याला. पट्ट्याने. लहान होता तेव्हापासून." हे सांगताना त्याने मान खाली घातली नाही. "तुम्हाला मारायचं तर मारा. मी उठत नाही."

"तुम्ही सरका," ठकी म्हणाली. "मला तो हवाय."

म्हातारा हातांवर भार देत, सरपटत बाजूला झाला. ठकीने पहिला दगड कबरीवर घातला. दुसरा घातला. संपले तसे खाली पडलेले उचलले, वर्षानुवर्षं लोकांनी मारलेले, आणि तेही घातले. कबरीवरचा दगड तडकला, वरचा तुकडा उडाला, म्हाताऱ्याच्या बुटापाशी पडला. मग तिला दगड पुरेनात, ती नखांनी माती उकरू लागली आणि तोंडातून असा आवाज काढू लागली की लोकांनी माना वळवल्या. दर वर्षी याच कबरीवर हसत हसत नेम धरणारे एकेक करून फाटकाकडे निघाले. कुणी हातातला दगड खिशात घातला, कुणी वाटेत हळूच टाकून दिला. जमिनीवर पडलेल्या हवालदाराला उचलायचंही कुणाला सुचलं नाही. तो दात आवळून पडल्या पडल्या ठकीकडे बघत होता.

ठकीच्या नखांतून रक्त यायला लागलं तेव्हा इस्त्रीवालीने फावडं टाकलं आणि मागून तिच्या कमरेला मिठी मारली. ठकी दचकली नाही. हातपाय झाडले, डोकं मागे आपटलं, वहिनीच्या फाटक्या ओठावरच ते बसलं, आणि मग ती सैल पडली.

इस्पितळाची एकच गाडी आली. एका बाकावर हवालदार, दुसऱ्यावर म्हातारा. दोघांमध्ये या दोघी बसल्या. शहरभर खड्डे होते, प्रत्येक खड्ड्याला दोघेही पुरुष कण्हत होते आणि एकमेकांकडे न बघण्याची काळजी घेत होते.

म्हाताऱ्याचा डोळा गेला. कान बरा झाला म्हणे, पण त्या बाजूने त्याला पुढे ऐकू आलं नाही. बरं वाटल्यावर त्याला पोलिसांच्या पहाऱ्यात सीमेपर्यंत पोचवलं. जाण्याआधी तो दफनभूमीत पुन्हा गेला नाही. तडकलेला दगड माळ्याने तारेने बांधून उभा केला.

खटला भरायचा का, यावर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी दोन्ही बाजूंनी झाकली मूठ ठेवली. शहराने आपला निकाल मात्र लावला. दुकानाची काच फुटली, भिंतीवर "फितूर" लिहिलं गेलं, गिऱ्हाईक तुटलं. पहिल्या पुष्पचक्राचा मान नगराध्यक्षांच्या सौभाग्यवतींकडे गेला. इस्त्रीवालीला त्याचं काही वाटलं नाही. वाटत होतं ते एकाच गोष्टीचं, आणि ती गोष्ट गल्लीच्या वरच्या टोकाला पलंगावर प्लास्टरमध्ये पाय घालून पडली होती.

बरेच दिवस तिने चालढकल केली. शेवटी एका दुपारी गेली. हवालदाराच्या बायकोने दार उघडलं, आत घेतलं, पण बोलली नाही. हवालदार उशीला टेकून बसला होता. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, पुढचे दोन दात नव्हते तिकडे.

"या वहिनी," तो म्हणाला. "एक हात तुमच्या नवऱ्यापायी गेला. एक पाय तुमच्यापायी. तुमच्या घराण्याला द्यायला आता माझ्याकडे फारसं काही उरलं नाही."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. ती खुर्चीवर बसली. "डॉक्टर काय म्हणतो?"

"लंगडेन म्हणतो. जन्मभर."

"भाऊजी, मी माफी मागायला आले नाही."

"मागितली असतीत तर मी दिली नसती." त्याने नजर खिडकीकडे वळवली. "तो पुन्हा आला तर मी पुन्हा मारीन. सांगून ठेवतो. पुलावर माझ्या डोळ्यांदेखत काय झालं ते तुम्ही बघितलं नाहीत."

"मग मी पुन्हा मोडीन. दुसरा पाय आहे अजून."

"आहे खरा," तो म्हणाला.  आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मग त्याने वेगळ्याच आवाजात विचारलं, "ठकी कशी आहे?"

"झोपते. पूर्वी झोपत नव्हती, आता दिवसासुद्धा झोपते. उठवलं तर भांडते."

"भांडते? ठकी?"

"हो तर. परवा मला म्हणाली, तू त्याला मारलंस ते माझ्यासाठी होतं, मग माझ्यासाठी एकदा तरी विचारायचंस, की ठके, तुला काय हवंय."

हवालदाराने मान हलवली. बायको चहा घेऊन आली, कप जरा आपटूनच ठेवला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. "नुसती बसून राहू नका. तुमच्यामुळे यांना पाटलोण चढत नाही. महिना झाला माणूस चादर गुंडाळून बसलाय. तुमचा तर धंदा आहे कपड्यांचा."

इस्त्रीवालीने पाटलोण मागवली, मांडीवर घेतली, कात्री मागितली. बाहेरची शिवण गुडघ्यापासून खाली उसवली आणि प्लास्टरवर बसेल अशी जागा सोडून दोन्ही कडांना नाड्या लावायला घेतल्या. हवालदार चहा पीत बघत होता.

"खूप उसवू नका," तो म्हणाला. "पाय बरा झाला की पुन्हा शिवता आली पाहिजे."

"गप्प बसा, भाऊजी," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवण्यासाठी खिडकीकडे वळली.